काही सापडलं नाही तर

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पनवेल येथील आमच्या कार्यालयात, खिडकीजवळच्या टेबलावर, दोन लेखकांत मिळून एक टेलिफोन आहे आणि तो माझ्यासाठी वाजत नाही. तो निर्मला म्हात्रे यांच्यासाठी वाजतो. उचलतो मी. पलीकडचा माणूस विचारतो, "मॅडम आहेत का?" मी रिसीव्हर पुढे करतो. मला पगार नेमका याच कामाचा मिळतो, असा आमच्या शिपायाचा समज झाला आहे.

आमची कंपनी दुकानं, पतसंस्था, दूध डेऱ्या यांच्यासाठी एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा बनवते. ती कशी वापरायची हे सांगणारं जाडजूड मराठी पुस्तक आम्ही लिहितो. तारीख आणि वेळ हे प्रकरण माझं. डेटाबेसला प्रश्न विचारणारी फंक्शन्स म्हात्रेताईंची. म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवी ती नोंद शोधून आणणारी, मोजून देणारी, पहिली सापडेल ती उचलणारी. प्रत्येक प्रकरणाखाली लेखकाचं नाव आणि आमचा फोन नंबर छापलेला असतो. माझ्या प्रकरणाबद्दल आजवर एकदाच फोन आला.

"तारखांचं प्रकरण तुमचंच का?"

मी खुर्चीत ताठ बसलो. "हो, माझंच. बोला."

"मग जरा शेजारच्या मॅडमना द्या ना."

ताई बेलपाड्याच्या. घरची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत. त्या पांढऱ्या लांबलचक गाडीतून ऑफिसला येतात. मी करंजाड्याहून शेअर रिक्षात, ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धा आत आणि अर्धा नशिबावर, असा येतो. ताईंना नोकरीची गरज नाही. हेच मला जास्त लागतं. ज्याला गरज नाही त्याचंच काम चांगलं का व्हावं?

आणि काम करायची पद्धत तर अशी की कोणाचाही संयम सुटावा. नवीन फंक्शन आलं की कोणताही शहाणा लेखक ते भरपूर नोंदी असलेल्या तक्त्यावर चालवून बघतो. ताई आधी एक नवा तक्ता बनवतात. त्यात काहीही भरत नाहीत. आणि त्या रिकाम्या तक्त्याला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसतात.

"भरलेला असला का कोनीबी देतो, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "रिकामा असताना कसा वागतो, त्ये आधी बघायचा."

म्हणून त्यांच्या प्रत्येक पानावर पहिलं शीर्षक एकच: 'काही सापडलं नाही तर'. खाली लिहिलेलं असतं: 'यादी मागितली असेल तर रिकामी यादी येईल. मोजायला सांगितलं असेल तर शून्य येईल. पहिली नोंद मागितली असेल तर काहीच येणार नाही. यातली एकही गोष्ट चूक नाही.' इतकी सोपी वाक्यं वाचून मला राग येतो. तशी मला जमत नाहीत म्हणून जास्तच येतो.

आमचे सबनीस साहेब एकदा वैतागून म्हणाले, "म्हात्रेबाई, वाचक पुस्तक उघडतो ते काहीतरी सापडावं म्हणून."

"सापडल्यावर पुस्तक कोन उघडतो, सायेब? नाय सापडला का उघडतो."

साहेब आपल्या केबिनमध्ये निघून गेले.

हे खूळ पुस्तकापुरतं असतं तरी चाललं असतं. शिपायाला वडे आणायला धाडताना त्या विचारणार, "वडं नाय मिळालं त?" तो गोंधळून उभा. ऑफिसची सहल कर्नाळ्याला निघाली. आम्ही सगळे गळ्यात दुर्बिणी अडकवून तयार. ताईंच्या हातात भलामोठा डबा. "पक्षी नाय दिसला त?" पक्षी दिसला नाही. सकाळभर माना वर करून आम्ही फांद्या पाहिल्या आणि मग सगळ्यांनी त्या डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी खाल्ली. माझ्या दुर्बिणीचं कौतुक व्हायचं होतं. कौतुक चटणीचं झालं.

फोनवर मात्र त्या वेगळ्याच असतात. पतसंस्थेतली कुणी नवीन मुलगी रडवेली होऊन सांगत असते की मी विचारलं, पण काहीच आलं नाही. ताई आवाज खाली आणतात. "लाल अक्षरात काय चूक दाखवतोय का? नाय ना? मग घाबरू नको. तू इचारलास त्ये बरोबर हाय. तिथं नाय, एवढाच." फोन ठेवताना ती मुलगी हसत असते. मला इकडे ऐकू येतं.

तर, गेल्या महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवी आवृत्ती बारीक करायची होती. ताईंचं ते पहिलं शीर्षक प्रत्येक पानावरून काढायचं ठरलं. गिऱ्हाइकाला पहिल्याच ओळीत निराश का करायचं, असं त्यांचं म्हणणं. वाचलेल्या जागेत माझा अधिक मासावरचा मजकूर जाणार होता. तो मी दोन आवृत्त्या मागे लिहून ठेवला आहे आणि माझ्या मते तो अप्रतिम आहे.

"फक्त बाईंना तुम्ही सांगा," साहेब म्हणाले. "मला धीर होत नाही."

मी इतका खूश झालो की त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

सांगायची संधी ताईंनीच दिली. गावदेवीच्या जत्रेचा रविवार होता, त्यांनी जेवायला बोलावलं. मी मनात भाषण जुळवत बेलपाड्याला पोचलो. इमारत त्यांच्याच जमिनीवरची. तळमजल्यावर ताई एकट्या, वरच्या तीन मजल्यांवर तीन भाऊ. आत ताटं मांडलेली, मटणाचा वास दारापर्यंत आलेला, वड्यांची परात भरलेली.

"बसा, भाऊ. भावांना सांगितलाय. येतीन."

आम्ही बसलो. जिन्यावरून पावलं आली की ताई बोलता बोलता थांबत. पावलं दारावरून पुढे जात आणि बाहेर गाडी सुरू होई. एकदा दारासमोरून नवा शर्ट घातलेला, ताईंसारख्याच नाकाचा एक माणूस गेला. त्याने आत पाहिलं नाही.

दुपार कलली तेव्हा ताई उठल्या आणि भावांची ताटं एकेक करून उचलू लागल्या. तक्रारीचा सूर कुठेच नव्हता. वाटणीच्या वेळेपासून बोलणं बंद आहे, एवढं त्यांनी भात वाढता वाढता सांगितलं.

"दर जत्रेला बोलावता?"

"तर काय. मीच नाय इचारला त त्यांनी यायचा कसा?"

"आणि कधीच कोणी आलं नाही?"

"असा नाय. थोरला एकदा आलेला." त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन वडे टाकले. "दारापर्यंत. मना त्याच्या चपला दिसल्या."

हे त्यांनी अशा समाधानाने सांगितलं की मला खाली बघून जेवावं लागलं. माझ्या दोन्ही भावांचे फोन मी जेवताना घेत नाही, हे उगाचच आठवलं.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. सबनीस साहेब. "सांगितलंत का बाईंना? सांगून टाका, उद्या छपाईला द्यायचंय. तुमचा अधिक मास नक्की."

ताई हातात वाडगा घेऊन समोर उभ्या होत्या, रस्सा वाढू का म्हणून. माझं भाषण पाठ होतं. चांगलं होतं. पण तोंडातून मोठ्याने जे निघालं ते असं:

"साहेब, ताईंची एक ओळसुद्धा कापू नका, माझा अधिक मास कापा, तसाही तो मी एकटाच वाचतो."