मोर्च्याला पाणी आलं

काटकसरीच्या धोरणाचा भाग म्हणून सरकारने शहरातले नळ बेमुदत बंद केले आणि त्याविरुद्ध मोर्चे निघणार हे ओळखून त्याच फायलीत पाण्याच्या तोफेची एक नवी गाडीही मंजूर केली. सरकारला दूरदृष्टी नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

गाडीवर ज्याची नेमणूक झाली त्याला खात्यात ‘तोफवाले’ म्हणत. घरी बायकोपुढे ब्र काढायची छाती नसलेल्या माणसाला हे नाव मिळावे, याचे सगळ्यांत जास्त हसू त्याला स्वतःलाच येई. तो भरती झाला होता साधा चालक म्हणून. पाणी माणसांवर मारायचे असते हे कळेपर्यंत गणवेश शिवून झाला होता आणि शिवलेला कपडा वाया घालवणे त्याच्या स्वभावात नव्हते.

पहिल्या मोर्च्यावर त्याने हुकमाप्रमाणे पूर्ण दाबाने पाणी सोडले. पुढच्या रांगेत त्याचे सासरे होते, निवृत्त मास्तर. ते उडून एका दुकानाच्या शटरवर आपटले आणि त्यांचा खांदा निखळला.

“बाबांवर पाणी मारताना तुमचा हात धजला कसा?” बायको घरी कडाडली. “आणि घरात घोटभर पाणी नाही, नि तुम्ही टाकीच्या टाकी रस्त्यावर ओतून आलात! जनाची नाही, मनाची तरी?”

“हुकूम होता गं.”

“मग आता माझा ऐका. उद्या हळू सोडा. मी बादली घेऊन येते.”

दुसऱ्या दिवशी त्याने दाब कमी केला. बायकोने बादली भरली, शेजारणींनी भरली. भरलेली बादली घेऊन चौकात कोण ताटकळत उभे राहणार? जमाव पांगला. ‘सौम्य बळाचा वापर करताच जमाव स्वेच्छेने पांगला,’ असे साहेबांनी वर कळवले. साहेबांचे कौतुक झाले आणि त्यातले चिमूटभर तोफवाल्याच्याही वाट्याला आले.

मग मोर्चे वाढले. गल्ल्यांनी आपापसात वार वाटून घेतले. ज्यांनी जन्मात सरकारविरुद्ध चकार शब्द काढला नव्हता, अशी सभ्य माणसेसुद्धा डबे आणि टब घेऊन क्रांतीत उतरली. एका बाईने तर साबण आणून दोन्ही पोरांच्या आंघोळी उरकल्या. अडचण एकच होती. शांत जमावावर पाणी मारायला नियमाने मनाई होती.

“अहो ताई, घोषणा द्या ना!” साहेब कर्ण्यातून विनवत. “त्याशिवाय मला पाणी सोडता येत नाही.”

“सरकार मुर्दाबाद! अगं, तुझा टब सरकव जरा. मुर्दाबाद!”

असे सगळे सुरळीत चालले असताना एके दिवशी मास्तर आले. हात गळ्यात बांधलेला, बरोबर बादली नाही. गाडीसमोर उभे राहून ते म्हणाले, “आम्हाला नळ हवेत. तोफेचं पाणी नको.”



“मास्तर, बाजूला व्हा, रांग खोळंबलीय!” मागून कुणीतरी ओरडले.

“नळ सुरू झाले तर ही गाडी बंद होईल, कळतंय का तुम्हाला?” दुसऱ्याने समजावले.

साहेबांचा चेहरा उजळला. “इतक्या दिवसांत हा एक खरा आंदोलक सापडला. तोफवाले, पूर्ण दाब! नाही जमत? मग वर्दी उतरवा, गाडी दुसऱ्या वस्तीला देतो.”

बायकोने बादली खाली ठेवली आणि जाऊन बापाचा धड हात धरून उभी राहिली. “मारा,” ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

घरचा आणि खात्याचा हुकूम आयुष्यात पहिल्यांदाच एक झाला होता, आणि नेमका तोच त्याला पाळवेना. त्याचा हात तोफेच्या दांड्यावर होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याला वाटले, एवढ्या माणसांतून एकजण जरी ‘नको’ म्हणाला, तर आपण हात काढून घेऊ, मग नोकरी गेली चुलीत. जन्मभर दुसऱ्याच्या शब्दावर चाललेला तो गडी नकार द्यायलाही कुणाच्या तरी शब्दाचीच वाट बघत होता.

“थांबा! अहो, थांबा!” गर्दीतून आवाज आला.

तोफवाल्याच्या जिवात जीव आला.

“पूर्ण दाबाचं पाणी लांब जातं, सगळं वाया जाईल. आधी त्या दोघांच्या मागे बादल्या तरी लावू द्या!”

बादल्या लागल्या, अगदी शिस्तीत. मास्तरांच्या मुलीचीही कुणीतरी आठवणीने लावली. मग तोफवाल्याने डोळे मिटले आणि दांडा ओढला.

तो आवाज कुणाचा होता, याचा तपास अजून चालू आहे. तुम्ही कशाला इकडेतिकडे बघताय? तुमची बादली भरली ना?