ड्रेस उभा राहिला

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मुंगीच्या आईने ठरवलं, की लेकीच्या कराटेच्या ड्रेसला खळ द्यायची. बस्स, एवढंच. पुढचं सगळं त्या खळीने केलं.

मुंगी म्हणजे तिची आठ वर्षांची लेक. एवढीशी म्हणून मुंगी, आणि आवाजही तसाच. शाळेत तिचं "हजर" पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. बाईंनी तिला समोर बसलेली असताना दोनदा गैरहजर मांडलं होतं. म्हणून आईने तिला कराटेला घातलं, आणि स्वतःचा जीव टांगणीला लावून घेतला. पोरीचं नाक फुटलं तर? बोट मोडलं तर? तीन महिने ती क्लासच्या खिडकीबाहेर बसून होती. (मोडलं काहीच नाही. खिडकीच्या खिळ्याला अडकून आईचीच बाही फाटली.)

बसून बसून तिला सगळं पाठ झालं होतं. आत येताना वाकून नमस्कार, जाताना वाकून नमस्कार. मूठ वळताना अंगठा बाहेर. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. एक हात ठोसा मारायला गेला की दुसरा तेवढ्याच जोराने कमरेशी परत. आणि ठोशाबरोबर पोटातून आरोळी. मुंगीला बाकी सगळं जमायचं. आरोळी मात्र ओठांवर येऊन तिथेच बसायची.

रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती. मागच्या खेपेला सरांनी "जोर दिसत नाही" म्हणून तिला मागे ठेवलं होतं. शनिवारी क्लासहून आली ती मुंगी दारातच रडायला बसली.

"सर म्हणतात, ठोसा बरोबर बसला की बाहीचा फट् आवाज येतो. सगळ्यांचा येतो. माझाच येत नाही. उद्या नापास झाले ना, तर मी क्लासच सोडणार."

आई तिच्यासमोर उकिडवी बसली. सोडणार? याच पोरीने परवा दुकानदाराकडे स्वतःच्या तोंडाने खोडरबर मागितलं होतं!

"आवाजच हवाय ना? मग रडतेस कशाला, वेडाबाई? काढ तो ड्रेस."

आता सांगायला हवं, की मुंगीची आई लॉन्ड्रीत कामाला. एका हॉटेलाचे टेबलावरचे रुमाल तिच्याकडे. तिने इस्त्री केलेला रुमाल टेबलावर उभा केला, की गिऱ्हाईक जेवून उठेपर्यंत बसत नसे. अशा रुमालाला दोन चमचे खळ पुरते. ड्रेसच्या पाण्यात तिने चार टाकले. मग वाटलं, पोरीचे हात काडीसारखे, आणखी दोन टाकू. मग परीक्षा आहे म्हणून दोन. मग डबा तळाला आलाच होता, तर उरलंसुरलं कशाला ठेवायचं? आणि बाह्या कडक अन् पॅन्ट लुळी, हे लॉन्ड्रीवालीच्या घरात कसं दिसेल?

साडेसातला मुंगीचे बाबा कामावरून आले आणि दारामागे कुणावर तरी आदळले.

"सॉरी हं, सर," ते म्हणाले. मग बायकोजवळ येऊन हळूच, "सर कशाला आलेत गं?"

"सर नाहीत हो. ड्रेस आहे."

"मग बसायला सांग की त्याला."

"बसत नाही ना, तेच तर!" ती कौतुकाने म्हणाली.

रविवारी सकाळी पॅन्टचे पाय उलथन्याने सोडवून मुंगीला आत घालावं लागलं. रस्त्याने ती कर्कटकासारखी एकेक पाय टाकत चालली. हॉलबाहेर तिने सहज एक ठोसा मारून पाहिला. फटाक्! समोरच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत गेलं. मुंगीचा चेहरा असा खुलला, की आईने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आत बारा मुलं रांगेत उभी राहिली. सर म्हणाले, "नमस्कार!"

अकरा वाकली. मुंगी सरळ.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कराटेची सुरुवात कशाने होते? नमस्काराने. पुन्हा."

पुन्हा अकराच. मुंगीने दात-ओठ खाऊन जोर लावला. पॅन्ट जुन्या दारासारखी कुरकुरली, पण हलली नाही.

"काय गं, वाकायचं नाही का तुला?"

मुंगीने ओठ हलवले. ऐकू कुणालाच आलं नाही.

खिडकीत आईचा धीर सुटला. झालं! आता पोरीला उद्धट म्हणून काढणार! ती दार ढकलून चपलांसकट थेट मॅटवर. "सर, तिची चूक नाही, खळीची आहे! थांबा, मी वाकवते तिला!" असं म्हणत तिने लेकीच्या मानेला हात घातला.

"आई! चप्पल! बाहेर जा आणि वाकून ये!"

आवाज कुणाचा म्हणून सगळ्यांनी आधी सरांकडे पाहिलं. मग मुंगीकडे. खिडकीची काच अजून थरथरत होती. आई तर कधीच दाराबाहेर जाऊन, चपला काढून, वाकून उभी होती.

"हाच!" सर म्हणाले. "तीन महिने हाच आवाज मागतोय मी. पोटातून आला, कळलं ना? जोर इथे असतो, बाहीत नसतो. बाई, तुम्ही वाकलात ते छान. आता तिला नळाखाली धरा."

पाच मिनिटांनी मुंगी निथळत, चिकचिकत परत आली. कमरेतून वाकली. गुडघा वाकवून पाय रोवला. ठोसा गेला, दुसरा हात कमरेशी आला, आणि आरोळी निघाली. बाही गप्पच. खळीचे थेंब मात्र सरांच्या चष्म्यावर गेले. त्यांनी रुमालाने पुसले, तर काचांवर पांढरे फराटे. त्या फराट्यांतूनसुद्धा जोर दिसला म्हणाले.

प्रमाणपत्राखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "मुलगी पास. आई पुढच्या वेळी." शिवाय आईला गृहपाठ: घरी रोज पन्नास वेळा कमरेतून वाकून नमस्कार. तो करून घ्यायला घरचीच नवी पिवळ्या पट्ट्यावाली, आणि ती एकही नमस्कार सोडत नाही.

तर तुमच्या ओळखीत कुणाचं पोर कराटेला जात असेल, तर त्याच्या आईच्या कानावर घाला: ड्रेस धुवा, वाळवा, घाला, खळ रुमालांपुरती ठेवा. मुंगीची आई स्वतःच सांगायला येणार होती, पण तिची कंबर अशी धरलीय, की ना बसता येत ना वाकता. दारामागे ताठ उभी असते, आणि मुंगीचे बाबा येता-जाता "सॉरी हं, सर" म्हणून पुढे जातात.