थुंकीचा मान

शार्शेननं खोटं बोलायचं ठरवलं ते एका वाटी चहापायी. पुढं गावानं त्याला लबाड म्हटलं, भित्रा म्हटलं, सरकारचा माणूससुद्धा म्हटलं (हे त्याला फार लागलं). पण मूळ कारण चहा.

झालं असं की तो दुकानातून घरी आला, मांडी घालून बसला, आणि बायकोनं, म्हणजे बुरुलनं, चहाची वाटी पुढं ठेवली ती काठोकाठ भरून. आमच्या कारा-बुलुन गावात चहा अर्धी वाटीच देतात. संपली की पुन्हा अर्धी. म्हणजे माणूस बसून राहावा. काठोकाठ वाटीचा अर्थ एकच, प्या आणि चालते व्हा. बावन्न वर्षांच्या संसारात बुरुलनं अशी वाटी एकदाच दिली होती, त्यानं तिच्या भावाला भर लग्नात मेंढा म्हटलं तेव्हा.

"टोचून घेतलंत का?" तिनं विचारलं.

नवा फ्लू आला होता. टीव्हीवरची बाई रोज नकाशा दाखवायची आणि रोज तो जास्त लाल व्हायचा. दवाखान्यातल्या नर्सबाईनं, गुलझिनानं, दारावर कागद लावला होता की हात मिळवू नका, गर्दी करू नका, साठीच्या वरच्यांनी लस टोचून घ्या. त्या दिवसापासून शार्शेन प्रत्येकाशी हात मिळवायला लागला, तोही दोन्ही हातांनी. ज्यांच्याशी वीस वर्षं बोलत नव्हता त्यांच्याशीसुद्धा.

"फ्लू-बिलू काही नाही," तो दुकानासमोरच्या ओंडक्यावर बसून सांगायचा. "शेंबूड आहे तो. आमच्या वेळी त्याला शेंबूडच म्हणायचे. आता त्याला नाव ठेवलंय, नकाशा काढलाय, म्हणून तुम्ही घाबरता. मी वरच्या कुरणावर बर्फात अकरा दिवस मेंढ्यांच्या पोटाशी झोपून काढलेत. शिंकलो का?"

"मेंढ्या शिंकल्या असतील," कुणीतरी म्हणायचं.

लसीबद्दल त्याचं मत तर आणखी पक्कं. चाळीस वर्षं तो कळपाचा मेंढपाळ होता, मेंढ्यांना सुया टोचायचं काम त्याच्याकडेच असायचं. "हजारोंना टोचलंय मी," तो म्हणायचा. "सुई बसली की मेंढी दोन दिवस मान खाली घालून चालते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत मान खाली घातली नाही. आता घालू?"

(मेंढ्यांना टोचताना तो स्वतः डोळे मिटून घ्यायचा, हे आम्ही पाहिलेलं आहे. पण ते असो.)

तर बुरुलनं विचारलं, आणि समोर ती काठोकाठ वाटी वाफाळत होती. भांडायचं तर चहा निवणार. शार्शेन म्हणाला, "घेतलं."

"शपथ?"

"शपथ कशाला? जाऊन विचार गावात, माझा घोडा दवाखान्यासमोर तासभर बांधलेला होता की नाही."

घोडा बांधलेला होता हे खरंच होतं. दुकानासमोरचा खुंटा वसंतातच मोडला होता, तेव्हापासून जो तो दवाखान्याच्या कठड्याला घोडा बांधून दुकानात जायचा. पण आमच्याकडे माणसाच्या बोलण्यावर नाही, तो कुठं आहे ते सांगणाऱ्या घोड्यावर विश्वास ठेवतात. बुरुल उठली, तिनं ती वाटी ओतून टाकली आणि नवी अर्धी वाटी भरून आणली, वर साय घालून.

"आता तुम्हालाच मान," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मान कसला, तर थुंकीचा. नातवाला, एर्मेकला, मुलगा झाला होता. शार्शेनचा पहिला पणतू. पोर चाळीस दिवसांचं झालं की घराण्यातला मानाचा म्हातारा त्याच्या तोंडात हळूच थुंकतो. नाक मुरडू नका. म्हाताऱ्याची हिंमत, अक्कल, नशीब, सगळं त्या थेंबातून पोरात उतरतं. शार्शेनच्या तोंडात त्याचा आजा थुंकला होता, जो लांडग्याला काठीनं मारून आला होता. तो थेंब पुढं द्यायचा, मग डोळे मिटायचे, एवढीच शार्शेनची इच्छा उरली होती.

पण यंदा गुलझिनानं नियम घातला होता. थुंकी बंद. मानकऱ्यानं साबणानं हात धुवायचे, तोंडावर मास्क बांधायचा, बोटावर लोणी घेऊन बाळाच्या ओठाला लावायचं. तेही लसीच्या कार्डावर शिक्का असलेल्यानं. आणि नातसून बेगायम, अंगानं काडीएवढी, पण जिभेनं खंजीर, ती नर्सच्या बाजूनं उभी राहिली. शिक्का नसेल तर शेजारचे ओमुरझाक आजोबा लावतील, म्हणाली.

ओमुरझाक! निवृत्त पोस्टमन. दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात ज्याचा जन्म गेला, ज्याला आजवर कुणी एक पत्र लिहिलं नाही.

"लोण्यानं पोर कुणासारखं होणार?" शार्शेन गरजला होता. "गाईसारखं?"

"गाय गुणी असते, आजोबा," बेगायम म्हणाली होती.

तर खोटं बोलून चहा तर मिळाला. मान मिळणार असंही वाटलं. इथंच प्रकरण संपायला हवं होतं.

पण दुसऱ्या दिवशी बुरुल पाणी भरायला गेली आणि बोलली. दुपारपर्यंत ओंडक्यावरचे सगळे म्हातारे शार्शेनच्या दारात.

"तू घेतलीस?" जुमाश म्हणाला. हा त्याचा जुना जोडीदार मेंढपाळ. "तू?"

"घेतली," शार्शेन म्हणाला. बुरुल मागं उभी होती.

"कुठल्या हातात?"

"डाव्या."

"मग उजवा का चोळतोयस?"

"दोन्हीत घेतली," शार्शेन म्हणाला. "एकात काय होतंय आपल्यासारख्याला."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी जुमाशनं टोपी डोक्यावर दाबली. "या माणसानं विजेचा खांब नको म्हणून सहा वर्षं कंदील जाळला," तो म्हणाला. "यानं घेतली, तीही दोन्ही हातांत, म्हणजे प्रकरण फार गंभीर आहे. टीव्हीवाली खोटं बोलेल, शार्शेन कशाला बोलेल?"

आणि निघाले की सगळे दवाखान्याकडे!

गुलझिनाकडे साठ कुप्यांचं खोकं वीस दिवस पडून होतं. तोवर तिघांनीच घेतली होती. एक ती स्वतः, दुसरा ओमुरझाक आणि तिसरा दाढ दुखते म्हणून आलेला, आलोच आहे तर टोचा म्हणाला. आता दारात ही रांग. म्हातारे, त्यांच्या म्हाताऱ्या, वरच्या वस्तीवरून घोड्यावर दोघं दोघं बसून आलेले. बरेच जण आल्याबरोबर दोन्ही बाह्या वर करायचे. "एकाच हातात," गुलझिना सांगायची. "मग शार्शेनला दोन का? आम्ही काय कमी आहोत?" असं म्हणून भांडायचे.

इकडे शार्शेनचे हाल वेगळेच. लस घेतलेल्यानं न्हाणीघरात वाफ घ्यायची नाही, घोडीचं आंबवलेलं दूध प्यायचं नाही, चरबी खायची नाही, असं गावातल्या बायकांनी आपसात ठरवून टाकलं. गुलझिना ओरडून सांगत होती की असलं काही नसतं. पण नर्सचं कोण ऐकतं? बुरुलनं त्याला चार दिवस तांदळाची पेज पाजली, गोधडीत गुंडाळून ठेवलं, घरभर आर्चा झाडाच्या सुवासिक फांद्यांची धुरी केली. धुरानं तो खोकायला लागला की म्हणायची, "बघा, लस काम करतेय."

चार दिवसांनी बेगायम आली. दारातूनच म्हणाली, "आजोबा, परवा चाळिसावा दिवस. कार्ड दाखवा."

"पणजोबाकडं कार्ड मागतेस? आमच्या वेळी शब्द..."

"आमच्या वेळी कार्ड," बेगायम म्हणाली. "शिक्क्यासकट."

शार्शेन रात्रभर कूस बदलत राहिला. एका बाजूला सुई. दुसऱ्या बाजूला लांडगा मारणारा आजा, आणि मध्ये लोण्याचं बोट घेऊन उभा असलेला पोस्टमन. सकाळी उठून त्यानं घोड्याला खोगीर घातलं. भीती वाटत होती म्हणून नाही, पटलं होतं म्हणून तर मुळीच नाही. ओमुरझाकला हरवायचं म्हणून. लढाईला निघाल्यासारखा तो निघाला, आणि दवाखान्यात शिरताना बाही आधीच वर केलेली होती, म्हणजे ऐन वेळी मन बदलायला नको.

"टोच," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काही टोचलं नाही.

"आजोबा," गुलझिना म्हणाली, "डोळे उघडा. संपली."

"झालं? कळलंसुद्धा नाही!" शार्शेनची छाती फुगली. "उगाच घाबरतात लोक."

"टोचून झालं नाही. लस संपली. शेवटची कुपी काल जुमाश आजोबांच्या सासूबाईंना दिली." तिनं रिकामं खोकं उलटं करून दाखवलं. "सगळी तुमच्यामुळे गेली बघा. तुम्ही दोन्ही हातांत घेतली म्हणे. माझ्या वहीत तर एकाही हाताची नोंद नाही."

शार्शेननं बाही खाली केली. घसा खाकरला. "शिक्का तरी मार."

"नाही मारणार."

"पोरी, तुझ्या दवाखान्यासमोर माझा घोडा तासभर उभा होता."

"मग घोड्याला मारते," गुलझिना म्हणाली. "नवं खोकं पंधरा दिवसांनी येईल. पहिला नंबर तुमचा लिहून ठेवू?"

"लिही," शार्शेन म्हणाला. मग दारातून वळून म्हणाला, "पण फ्लू खोटा आहे. मी मानत नाही. लिही ते पण."

म्हणजे हिशेब असा झाला. कारा-बुलुनमधल्या साठीच्या वरच्या प्रत्येक माणसानं लस घेतली, बहुतेकांनी शार्शेनवर विश्वास ठेवून, आणि एकटा शार्शेन तेवढा राहिला. कार्ड कोरं निघाल्यावर गावानं त्याला काय काय म्हटलं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

चाळिसाव्या दिवशी एर्मेकच्या घरात बायकांनी चाळीस चमचे पाणी मोजत बाळाला न्हाऊ घातलं. चाळीस घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांचं झबलं अंगात घातलं. शार्शेनला आत घेतलं नाही. "बाहेरून बघा, खिडकी पुसून ठेवलीय," बेगायम म्हणाली. वाईट मनानं नव्हे. तिचं पोर होतं ते, चाळीस दिवसांचं. शार्शेनलाही ते कळत होतं, म्हणून तर जास्त राग आला. तो घरी गेला नाही. घोड्यावर बसला, घोडा रस्त्याकडच्या खिडकीशी नेऊन उभा केला आणि आत बघत राहिला. घोडाही बघत राहिला. आतल्या पाहुण्यांना काचेत दोन लांबट, रुसलेले चेहरे दिसत होते.

"म्हाताऱ्या, खाली उतर, लाज वाटत नाही?" बुरुल आतून ओरडली.

"रस्ता सरकारचा आहे!" शार्शेन बाहेरून ओरडला. "लाव म्हणावं लोणी! होऊ दे पोस्टमन!"

नियम पाळले जातात का ते बघायला गुलझिना उभी होती. ओमुरझाक मास्क बांधून पुढं आला. हात तीनदा धुतलेले. बोटावर पिवळं लोणी. त्यानं आशीर्वाद पुटपुटला (मास्कमधून एक अक्षर कळलं नाही) आणि बोट बाळाच्या ओठाशी नेलं.

बाळानं ओठ घट्ट मिटले.

ओमुरझाकनं गुदगुल्या केल्या. बाळानं मान फिरवली. बेगायमनं हनुवटी धरली. बाळ लालबुंद झालं, पण ओठ काही उघडले नाहीत. बायकांनी खुळखुळा वाजवला, एर्मेकनं शीळ घातली. बाळानं दोन्ही मुठी आवळल्या, लाथ मारून लोण्याची वाटी पोस्टमनच्या अंगावर उडवली, आणि मग जे तोंड उघडलं ते सगळ्यांवर ओरडायलाच. नर्सवर, पणजीवर, न चुकता पाहुण्यांतल्या एकेकाकडे बघत. शेवटी नजर खिडकीकडे गेली, तिथंही ओरडलं.

बाहेर शार्शेन खोगिरावरून पडता पडता राहिला. "बघा!" तो बसल्या जागी नाचत होता. "एक थेंब न देता उतरलं! कुणाच्या बापाचं ऐकत नाही!"

आत बेगायम मटकन खाली बसली. बुरुलनं कपाळाला हात लावला. बावन्न वर्षं तिच्या डोळ्यांपुढून सरकून गेली असावीत.

"गुलझिना," ती हळूच म्हणाली, "फ्लूचं जाऊ दे. याच्यावर काही निघालं, तर पहिली कुपी या घरी पाठव गं बाई. पोराला वेळेत दिली तर उतार पडेल. मोठ्याच्या बाबतीत फार उशीर झाला."