एक वीत न् दोन बोटं

सयाजीनं भंगारातनं डोझर आणला, त्या दिवसापासनं गुंडूआण्णाला अन्न गोड लागेना. म्हणजे भाकरी नेहमीसारख्या चारच जात होत्या, पण चवीबिगर.

डोझर तरी केवढा, म्हशीएवढा. चाकांच्या जागी लोखंडी पट्टे आणि वर बूड टेकण्यापुरती सीट. सयाजीनं तो खरवडला, पिवळा रंग दिला आणि कळंब्याजवळची ती अख्खी वाडी बघायला लोटली. सयाजी पडला आण्णाचा मेव्हणा, भिंतीला भिंत लागून घर. चिमणाबाई उठता-बसता म्हणायची, "माझ्या भावाच्या हातात जादू हाय की." (चाळीस वर्षांत नवऱ्याच्या हाताबद्दल ती एवढंच बोलली होती, की हात धुऊन बसा.)

त्यात पंचांनी काडी टाकली. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वेशीत पिंपळपानांची दोरी आडवी बांधतात, तिला कर म्हणतात. जो बैल पळत येऊन ती तोडील, त्याच्या मालकाला मानाचा फेटा. आता वाडीत बैल उरले तीन, त्यातला एक लंगडा. पंच म्हणाले, यंदा यंत्रानं तोडा. म्हणजे फेटा सयाजीच्या डोक्यावर बसल्यातच जमा.

आण्णानं ठरवलं, आपणबी डोझर हुडकायचा.

पंधरा दिवसांच्या वणवणीनंतर कबनूरला एका बंद यंत्रमागाच्या शेडच्या पाठीमागं सापडला. हुबेहूब सयाजीच्यासारखा, फक्त सीटमधनं एरंड उगवलेला. आण्णानं तो एरंडासकट आणला. दोन महिने डिझेल पाजलं, घण घातले. (दोन लोखंडावर तर एक अंगठ्यावर.) इंजिन आधी खोकलं, मग धडधडलं. पण डाव्या पट्ट्याच्या तीन कड्या गायब.

तसल्या कड्या सयाजीकडं पोतंभर होत्या. चिमणाबाई म्हणाली, मागा की, भाऊच हाय. आण्णा म्हणाला, त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाय.

दारात ठेवलाच नाही, घरामागच्या परड्यातनं गेला. सयाजी डेअरीला दूध घालायला गेलेला बघून त्याच्या डोझरची कडी हातानं मापली आणि उद्यमनगरात लेथवाल्या कृष्णात टर्नरला फोन लावला.

"लिहून घे. लांबी एक वीत न् दोन बोटं. तीन नग."

"आण्णा, नमुना आणा की."

"तुला हात हाय न्हवं?"

हात होता. कृष्णात तालमीतला गडी, पंजा खोऱ्याएवढा. कड्या आल्या त्या त्याच्या वितीच्या. आण्णानं घण मारून बसवल्या. पट्टा ढिला लोंबायला लागला, तर म्हणाला, नवं लोखंड हाय, चालून चालून आवळंल.

बेंदराला चिमणाबाईनं दोन्ही डोझर ओवाळले. (भावाच्याला पाच वेळा, नवऱ्याच्याला तीन. आण्णानं मोजलं.) पंचांनी टॉवेल हलवला आणि काय नवल, आण्णाच पुढं. कर दहा पावलांवर आली. फेट्याला जागा व्हावी म्हणून त्यानं टोपी काढून खिशातसुद्धा घातली.

तेवढ्यात डावा पट्टा निसटला आणि मागं अजगरासारखा पसरला. उजवा चालूच. डोझर मारुतीच्या देवळापुढं जागच्या जागी गरगर फिरायला लागला. आण्णा "हो, हो, होऽ" म्हणत बैलाचा कासरा ओढावा तसा दांडा ओढतोय, तसतसा तो आणखीच फिरतोय. तानाबाई म्हातारीनं हात जोडले. तिला वाटलं, नवस फेडतोय.

सयाजीनं आपला डोझर थांबवला, उडी मारून आण्णाचं इंजिन बंद केलं, साखळी अडकवली आणि म्हणाला, "दाजी, नुसतं बसून ऱ्हावा." मग सगळ्या वाडीसमोर त्यानं पुढं कर तोडली आणि मागनं आण्णा ओढला गेला.

पंचांनी फेटा सयाजीला बांधला. सयाजीनं तो तसाच उचलला आणि आण्णाच्या बोडक्या डोक्यावर ठेवला.

"मान थोरल्याचा. आणि कड्यांचं पोतं तेवढं न्या, तुमच्यासाठीच ठेवलंय."

टाळ्या पडल्या. आण्णाचं तोंड कारल्यासारखं झालं. तो बायकोला हळूच म्हणाला, "बघितलंस? कर त्यानं तोडली ती तोडली, वर मोठेपणाबी त्यानंच घेतला."

"मग?" चिमणाबाई म्हणाली. "आता मोठेपणा हुडकायला कबनूरला जाणार व्हय?"

आण्णानं डोळे वटारले. पण फेटा सयाजीच्या डोक्याच्या मापानं बांधलेला. तो घसरून नाकावर आला आणि वटारलेले डोळे आतल्या आतच राहिले.