वाटीतला पासवर्ड

गुड्डी पुन्हा अडकली. एक हात वर, ओठाखाली वरणाचा डाग आणि डोळे अर्धे मिटलेले. मोबाइलच्या काचेवर नात अशी थिजली, की प्रयागबाईंनीही जागचं हलणं बंद केलं. आपण हललो तर ती आणखी अडकेल, असं त्यांना वाटायचं.

"बोल माय, बोल ना वं," त्या हळूच म्हणाल्या.

 आतून मुलाचा, हरीओमचा आवाज तुटत तुटत आला, "आई... कोणीतरी... लाइन..." आणि काच काळी झाली.

आसेगावच्या त्या घरात हे रोज संध्याकाळी साडेपाचला व्हायचं. हरीओम आणि सून राखी बंगलोरला. दिवाळीला येतो म्हणाले, तर कंपनीने सुट्टी दिली नाही. संक्रांतीला येतो म्हणाले, तर पोरीला ताप आला. शेवटी हरीओमने स्वतःच्या बदल्यात घरी वायफाय पाठवलं. सव्वा वर्षाच्या या नातीला प्रयागबाईंनी मांडीवर एकदाच घेतलं होतं, तेही बारशाला. तिच्या अंगाचा वास त्या विसरत चालल्या होत्या आणि या गोष्टीची त्यांना भीती वाटायची. पोरीने एकदा आपल्याला बघून 'आजी' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

लाइन का अडकते, ते हरीओमने रामरावांच्या साध्या बटणाच्या फोनवर समजावलं. "बाबा, आपल्या वायफायले पासवर्डच नाही. ओट्यावर बसून कोणीबी वापरून राह्यलं असन."

रामरावांना हा मोठाच धक्का होता. या गृहस्थांच्या घरात कोठीला कुलूप, बोअरच्या स्टार्टरला कुलूप, इतकंच काय, शिडीसुद्धा खांबाला साखळीने बांधलेली. पण वायफाय भिंतीपलीकडे जातं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दिवा लावला की उजेड घरात राहतो, तसं ते घरातच राहत असेल, अशी त्यांची समजूत. त्यांनी दार उघडून ओट्यावर पाहिलं. शेजारची निता भिंतीला टेकून मालिका बघत होती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा सोमला बकरी पायाशी बांधून होळीतली लेंगीची गाणी ऐकत होता. पलीकडे आणखी पाचसहा जण माना खाली घालून बसलेले. इतके दिवस रामरावांना वाटत होतं, की ही मंडळी आपल्या ओट्याच्या सावलीला येतात.

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरहून करणला बोलावलं. वायफाय त्यानेच बसवलं होतं.

"काकाजी, पासवर्ड काय ठेवू?"

रामरावांनी आधी प्रयागबाईंना स्वयंपाकघरात धाडलं, खिडकी लावली आणि मग करणच्या कानात आपल्या स्कूटरचा नंबर सांगितला.

"तो तं साऱ्या गावाले पाठ हाय. काल मीच तुमची स्कूटर पंक्चरवाल्याकडं पाह्यली."

"मंग बैलायचे नावं टाक."

"तेही कोणी बी वळखन. मी सांगतो तसं करा." करणने इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मध्ये एक चांदणी असा बारा घरांचा पासवर्ड तयार केला आणि एका चिठ्ठीवर लिहून दिला. "हे सांभाळून ठेवजा. कोणाले दाखवू नका."

रामराव तासभर चिठ्ठी घेऊन घरात फिरले. कपाटात ठेवावी, तर चोर आधी कपाटच फोडतो. देवघरात ठेवावी, तर उंदीर. शेवटी त्यांनी अशी जागा शोधली, जिथे आपण जन्मात कधी हात घातला नाही आणि म्हणून दुसरंही कोणी घालणार नाही. चिठ्ठी तुरीच्या डाळीच्या डब्यात गेली.

संध्याकाळी ओटा रिकामा होता. साडेपाचला फोन लागला आणि चित्र इतकं स्वच्छ आलं, की गुड्डीचे वरचे दोन नवे दात दिसले. प्रयागबाईंना भरून आलं.

"जेवले काय?" रामरावांनी विचारलं.

"जेवलो. तुमी?" हरीओम म्हणाला.

"जेवलो. पाऊसपाणी?"

"नाही."

मग चौघंही स्वच्छ दिसत एकमेकांकडे बघत राहिली. गुड्डीने आजीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, दोघांच्या मधून मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "बें?" मग ती उठली आणि चालती झाली.

"बकरी शोधते हो ती, आई," राखी ओशाळून म्हणाली. "रोज तुमच्या मागं दिसायची ना. अन् त्या निताताई टाळ्या वाजवायच्या."

चार दिवस हेच झालं. चित्र आरशासारखं, बोलणं दोन मिनिटांचं आणि पोरगी आली तशी पसार. पाचव्या दिवशी तर ती आलीच नाही, आतच खेळत राहिली. त्या संध्याकाळी प्रयागबाई रिकाम्या ओट्यावर जाऊन बसल्या. आपल्याला बघून नात उठून जाते, हे त्यांना फार लागलं.

सकाळी ताटाळ्यात निताची वाटी दिसली. तीन दिवसांपूर्वी तिने पातोडीची भाजी दिली होती. त्या गल्लीत वाटी कधी रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण वाटीचा तळ दाखवत नाहीत. प्रयागबाईंनी आधी वरणासाठी डाळ काढली. डाळीतली चिठ्ठी पुन्हा बोटांना लागली. मग त्यांनी कॅलेंडरचा एक कोपरा फाडला, रांगोळीचे ठिपके मोजावेत तशी एकेक खूण बघून उतरवली, चांदणीसुद्धा काढली आणि कागद वाटीत ठेवून वर गुळाचा खडा ठेवला.

"कोणाले सांगू नको बरं."

"मी कायले सांगू, काकू!" निता म्हणाली.

तिने खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त वाटीत काय आलं, तेवढं जावेला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी जावेकडून गुलगुले आले. दुपारी मागच्या घरातून भरीत आलं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत सात वाट्या, त्यात सोमलाच्या घरून, भुरीबाईने पाठवलेला ठेचा. प्रत्येक वाटी गुळाचा खडा घेऊन परत जायची. प्रयागबाईंचं अक्षर इतकं सुधारलं, की चिठ्ठी न बघता त्या चांदणीपर्यंत जाऊ लागल्या.

रामराव मिटक्या मारत जेवत होते. "पाह्य, इज्जत कशी वाढली आपली! जोवर फुकट होतं, तोवर एकानंही कांदा देल्ला नाही. कुलूप लावलं की माणसाची किंमत कळते."

"हाव," प्रयागबाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी भरीत वाढलं.

ओटा हळूहळू भरायला लागला होता. कोणी तांदूळ निवडायला आलं, कोणी विळ्याला धार लावायला. तांदूळ निवडणारीची नजर मात्र सुपात नसायची. तरीही रामरावांना संशय आला नाही. तो आला गुळामुळे. महिन्याचा गूळ आठवड्यात कसा संपला, हे बघायला ते उठले आणि भुरीबाईची भरलेली वाटी त्यांच्या हाती लागली. खडा उचलला, तर खाली चांदणी.

"हे काय व?"

"वाटी रिकामी देत असतात काय?"

"मंग साखर नव्हती घरात?"

"साखर त्यायच्याही घरी हाय."

"अवं, मी डाळीच्या डब्यात लपवलं होतं हे! कोणाच्या बापाले सापडलं नसतं!"

"या घरात रोज वरण कोण करते जी?" प्रयागबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "रागवा लागन तेवढं. पण आपल्या दोघाले पाहून पोरगी उठून जाते. जेवले का, जेवलो, झालं. काय पाहीन ते लेकरू आपल्यात? मले तो ओटा भरेल पाह्यजे. बकरी पाह्यजे. बकरीसाठी येईन, पण येईन तं."

रामराव वाटी धरून उभे राहिले. गुड्डीला काहीतरी बोलायचं म्हणून गेले आठ दिवस ते सकाळपासून मनात जुळवत होते आणि साडेपाचला तोंडातून पाऊसपाणीच निघत होतं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. चिठ्ठी पुन्हा गुळाखाली ठेवून ते ओट्यावर गेले.

"सोमला, हे घे तुह्या घरची वाटी. अन् साडेपाचले बकरी आणजो."

संध्याकाळी फोन लागला तेव्हा प्रयागबाईंच्या मागे दारात पाय ठेवायला जागा नव्हती. बकरी ओरडली. गुड्डी कुठून तरी धावत आली. निताने टाळ्या वाजवल्या, गुड्डीनेही वाजवल्या. ती हसली, काचेच्या अगदी जवळ आली, बकरी बघून झाल्यावर थेट प्रयागबाईंकडे बघितलं आणि काही म्हणायला तोंड उघडलं.

तिथेच अडकली.

ओट्यावरचे सगळे एकाच वेळी हळहळले. मग एकेकाने गुपचूप आपापला फोन खिशात घातला, पण उशीर झाला होता.

तेवढ्यात रामरावांचा बटणाचा फोन वाजला. "बाबा, पासवर्ड देल्ला काय कोणाले? पुन्हा तसंच होऊन राह्यलं."

रामरावांनी भरलेल्या ओट्यावरून एकदा नजर फिरवली. बकरी त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होती.

"छ्या! कुलूप एकदम पक्कं हाय. तुमच्या बंगलोरकडूनच काही असन."

"मी बदलून देऊ काय? इथूनच होते ते."

"हात नको लावू त्याले," रामराव म्हणाले आणि फोन ठेवून आत आले. "लावू काय व पुन्हा?"

"नका लावू." प्रयागबाईंनी फोन मांडीवर घेतला होता. काचेवर गुड्डी तशीच होती, तोंड उघडं, दोन दात, डोळे आजीवर. पदराने त्यांनी काच पुसली. "चांगली दिसते तवा दोन मिन्टात पळून जाते. आता बसली हाय तं बसू द्या."

"काकू, चार्जिंग संपत आलं बरं," निता मागून हळूच म्हणाली.

रामराव कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा काढत कपाटाकडे निघाले. चार्जरही त्यांनी कुलपात ठेवला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या कुलपाची किल्ली लवकर सापडेना.