उताऱ्यातली ओळ

सराव परीक्षेचे सहा पेपर मृदुलाबाईंनी जेवणाच्या टेबलावर मांडले, चष्मा पुसला, पुन्हा बेरीज केली आणि पुन्हा तेच उत्तर आल्यावर लाल पेन खाली ठेवलं.

"अहो, शब्दांच्या अर्थांत सहाही जणांना चाळीसपैकी चाळीस."

"मग पेढे आणू का?" वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता सुरेंद्र म्हणाले.

"आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत विसापैकी तीन."

"कुणाला?"

"सगळ्यांना. वेईला दोन."

मोशीच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मृदुलाबाई निवृत्त झाल्या होत्या. त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकांच्या चुका सुधारण्यात आणि त्यामुळे झालेली भांडणं निस्तरण्यात घालवली. मग चाकणच्या एका चिनी कंपनीचं बोलावणं आलं. कंपनीत गाड्यांच्या डॅशबोर्डचे प्लॅस्टिकचे भाग तयार होत. तिथल्या सहा चिनी इंजिनिअरांना मशिनवर लिहिलेलं आणि मेलवर आलेलं इंग्रजी कळावं म्हणून आठवड्यातून तीन दिवस वर्ग घ्यायचा होता. सकाळी साडेसातला चौकात कंपनीची बस यायची. गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं. ते ओळखपत्र बाई कोथिंबीर आणायला जातानाही काढत नसत. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत हा पुरावा माणसाला गळ्यात घालून मिळत असेल, तर तो कशाला काढायचा?

आणि आता तो पुरावाच जायची पाळी आली होती. एच. आर. मधल्या सईने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, पुढच्या शनिवारी मुख्य कार्यालयातून लिन मॅडम येतायत, परीक्षा घ्यायला. सहापैकी चार जण तरी पास झाले नाहीत तर वर्ग बंद. मी तुमच्या बाजूनं बोलले, पण माझं कोण ऐकतंय?"

विद्यार्थी आळशी असते तर बाईंना रागावून तरी घेता आलं असतं. पण हे सहाही जण कॅन्टीनच्या रांगेत उभ्या उभ्या शब्दांची कार्डं पाठ करत. वेई तर दिवसाला पन्नास शब्द संपवायचा. पंचेचाळिशीचा, जाड चष्म्याचा, मोल्ड विभागाचा इनचार्ज. त्याला झोपेतून उठवून कुठलाही अवघड इंग्रजी शब्द विचारला असता तरी त्याने अर्थ सांगून पुन्हा कूस बदलली असती. पण तेच शब्द उताऱ्यात एकत्र आले की तो घाबरायचा. लग्नाच्या हॉलमध्ये नातेवाईक एकेकटे ओळखू येतात, पण कोण कुणाचा कोण लागतो ते काही केल्या कळत नाही, तसं त्याचं व्हायचं.

"दहा दिवसांत काय होणार?" बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी अकराव्यांदा म्हटलं होतं.

"शाळेत काय करायचीस?" सुरेंद्र म्हणाले. "फेब्रुवारीत, ढ पोरांना?"

फेब्रुवारीत काय करायचं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक इंग्रजीच्या शिक्षकाला माहीत असतं. फक्त ते तपासनीसांसमोर बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाचं दार लावून घेऊन त्यांनी फळ्यावर ते गुपित लिहिलं. प्रश्नातला मोठा शब्द शोधा. तोच शब्द उताऱ्यात शोधा. ज्या ओळीत सापडेल, ती ओळ उतरवून काढा. उत्तरापुरता तुकडा पुरे. तिथं पूर्णविराम द्या आणि पुढे जा.

वेईने हात वर केला. (वेई बोलायचा इंग्रजीतच, पण आपल्या सोयीसाठी त्याला इथं मराठीत बोलू देऊ.)

"टीचर, ओळीचा अर्थ?"

"वेळ उरला तर."

मग त्यांनी गंमत म्हणून निरर्थक शब्दांचं एक इंग्रजी वाक्य रचून दिलं. मराठीत ते साधारण असं झालं असतं, की झिंबूने टोपण्यात फरकूल घातले. फरकूल कुठे घातले? "टोपण्यात!" सहा जण एका आवाजात ओरडले. फरकूल म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. पुढच्या सरावात विसापैकी अठरा, एकोणीस, वीस असे गुण पडले. वेईला वीस. त्या रात्री मृदुलाबाई पंधरा दिवसांत पहिल्यांदा शांत झोपल्या.

मंगळवारी बसमधून उतरल्या उतरल्या गेटवर सई उभी दिसली.

"मॅडम, आधी गणराज सरांकडे चला."

गणराज प्रॉडक्शन मॅनेजर. एरवी गडगडाटी हसणारा माणूस, पण आज तो हळू आवाजात बोलत होता आणि ते जास्त भीतिदायक होतं. त्याच्या टेबलासमोर वेई मान खाली घालून उभा होता आणि स्टोअरचा खंडू मान ताठ करून.

"मॅडम, मोल्ड म्हणजे आपला लोखंडी साचा, ज्यात प्लॅस्टिक ओततात," गणराज म्हणाला. "चौदा नंबरचा साचा गेलाय कामातून. एक्केचाळीस नंबरचा चांगलाय, बाराशे किलोचा, त्याच्यावर आपली अर्धी लाइन चालते. मी काल या साहेबांना मेल टाकला. वाचतो. 'एक्केचाळीस नंबरचा मोल्ड भंगारात पाठवायचा असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. चौदाचं मात्र तपासून बघा. कोणता मोल्ड भंगारात पाठवायचा ते आजच स्टोअरला कळवा.' बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांना पुढचं सगळं दिसायला लागलं होतं.

"यांनी स्टोअरला काय कळवलं? 'एक्केचाळीस नंबरचा मोल्ड भंगारात पाठवायचा.' पूर्णविराम."

"उत्तरापुरता तुकडा," वेई पुटपुटला.

"आणि तू रे खंडू? वीस वर्षं साचे बघतोयस, एकदा विचारावंसं नाही वाटलं?"

"लेखी आलंय न्हवं साहेब?" खंडू म्हणाला. "लेखी आल्यावर आमी डोस्कं लावायचं न्हाई, हे तुमीच सांगितलंय."

साचा वाचला तो भंगारवाल्या मोईजमुळे. क्रेनने टेम्पोत चढवलेला साचा बघून त्याने गेटमधूनच गणराजला फोन लावला होता. "साहेब, भंगाराला कुणी तेल लावून ठेवतं का? या मालावर कालच कुणीतरी प्रेमानं हात फिरवलाय. मी नाही नेत." साऱ्या कारखान्यात त्या दिवशी वाचता आलं ते एकट्या मोईजला, आणि तेही साच्यावरचं तेल.

"मॅडम, एक सांगू?" गणराज म्हणाला. "तुमच्याकडं शिकायच्या आधी हा माणूस एका मेलसाठी दहादा विचारायला यायचा. मला वैताग यायचा. आता एकदाही येत नाही. मला भीती वाटते."

मृदुलाबाईंना शाळेतल्या एकतीस फेब्रुवारींची लाज एकदम वाटली. किती पोरांना त्यांनी असं पास करून पुढे ढकललं होतं, आणि ती पोरं आता कुठल्या कुठल्या स्टोअरला काय काय कळवत असतील! परीक्षेला चार दिवस होते. हीच युक्ती ठेवली तर सहाही जण पास झाले असते, वर्ग राहिला असता, ओळखपत्र राहिलं असतं. त्यांनी ओळखपत्राची दोरी बोटाला दोनदा गुंडाळली, सोडवली आणि वर्गात गेल्या.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या.

सहा जणांनी वह्या उघडून ते वाक्य लिहून घेतलं. दोघांनी खाली रेघही मारली.

"लिहू नका! ऐका. शनिवारी ओळ उतरवायची नाही. सगळं वाचायचं, शेवटपर्यंत. मग कागद मिटायचा. मग आपण काय वाचलं ते स्वतःला सांगायचं. मग लिहायचं."

"टीचर, त्याने नापास होऊ," वेई म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याने हिशेब मांडला होता.

"होऊ," बाई म्हणाल्या.

चार दिवस नुसती धडपड चालली. सई दारातून डोकावून अंगठा वर करून विचारायची आणि बाई मान हलवायच्या, ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गुरुवारी त्यांनी कॅन्टीनची इंग्रजी सूचनाच भिंतीवरून काढून आणली. उपवासाची साबुदाणा खिचडी हवी असेल त्यांनी दहाच्या आत नाव द्यावे, बाकीच्यांना नेहमीचे जेवण मिळेल. वेईने ती वाचली, मिटली आणि डोळे मिटून बराच वेळ बसला.

"वेई, तुला आज खिचडी मिळेल का?"

"नाव दिलं तर मिळेल." मग त्याने डोळे उघडले. "पण मला नको. दातांना चिकटते."

बाईंना भरून आलं. शेवटची दोन वाक्यं सूचनेत नव्हती.

शनिवारी लिन मॅडम आल्या. बारीक बांधा, राखाडी कोट, चेहऱ्यावरून कशाचाच पत्ता लागत नाही. वर्गाच्या काचेबाहेर मृदुलाबाई, सई आणि ज्याचा काही संबंध नाही असा खंडू उभे राहिले. शब्दांचा पेपर सहाही जणांनी दहा मिनिटांत संपवला. मग उतारा आला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, कुणाचंच पेन हलेना. वेईने तर कागद मिटला आणि डोळेही मिटले.

"झोपला का काय वो त्यो?" खंडू कुजबुजला.

"वाचतोय," बाई म्हणाल्या आणि दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा पेनं चालायला लागली. लिन मॅडमनी पेपर गोळा केले, पिशवीत घातले आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "निकाल मेलने."

नऊ दिवस मेल आला नाही. या नऊ दिवसांत मृदुलाबाईंनी दोनदा दूध उतू घालवलं, एकदा सुरेंद्रांच्या चहात मीठ घातलं आणि मेल येतोय की नाही ते तपासायला स्वतःच स्वतःला अकरा मेल पाठवले. दहाव्या दिवशी दुपारी फोनवर मेल आल्याची घंटी वाजली. दोन पानांचं पत्र होतं, बारीक इंग्रजीत. बाईंचा चष्मा सापडेना, मग सापडला. नजर पानावरून धावत सुटली. वर्ग, वर्ग, वर्ग कुठाय? सापडला. 'वर्ग पुढे चालू राहील.'

"अहो! वर्ग राहिला!"

"नीट वाचलंस ना?" सुरेंद्र म्हणाले.

"एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी!" बाईंनी तिथल्या तिथे उत्तर पाठवलं की आपण फार आभारी आहोत आणि सर्व अटी आनंदाने मान्य आहेत. मग ओळखपत्र घालून त्या पेढे आणायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात पेढ्यांचा बॉक्स फिरला. सगळ्यांनी घेतले, पण वेईने पेढा कागदावर ठेवला आणि खिशातून पत्राची प्रत काढली. ती सगळ्यांना गेली होती. त्याच्या प्रतीवर पेन्सिलने बारीक बारीक खुणा होत्या.

"टीचर, तुम्ही पत्र पूर्ण वाचलं?"

"म्हणजे काय? वर्ग पुढे चालू राहील."

"कुठे?"

वेईने प्रत मृदुलाबाईंपुढे सरकवली. त्या बसल्या. पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. सहाही जण उत्तीर्ण. वाचून समजण्यात सर्वांत जास्त गुण वेईला. उत्तरं उताऱ्यातून उतरवलेली नसून स्वतःच्या शब्दांत आहेत, हे परीक्षकांना इतर कुठल्याही कारखान्यात आढळलं नाही. सबब, चाकणच्या या सहा जणांना आता वर्गाची गरज उरलेली नाही. पान उलटलं. वर्ग पुढे चालू राहील तो चीनमधल्या मुख्य कार्यालयात, पाच जानेवारीपासून, दहा आठवडे, पंचेचाळीस विद्यार्थ्यांसाठी, शिक्षिकेची संमती आल्यास. संमती काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेली होती.

"तिकडे जानेवारीत उणे अठरा," वेई हळूच म्हणाला. "माझं गाव जवळच आहे."

"अरे देवा," मृदुलाबाई मराठीत म्हणाल्या. ते सहाही जणांना कळलं.

मग वेईने पुढे होऊन ते पत्र त्यांच्यासमोर मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"टीचर, कागद मिटला. आता सांगा."

बाईंनी डोळे मिटले.

"तुम्ही सगळे पास झालात, म्हणून माझा इथला वर्ग गेला," त्या म्हणाल्या. "मी न वाचता हो म्हणून बसले. तिकडे मरणाची थंडी आहे. इकडे माझ्या नवऱ्याला साधा चहासुद्धा करता येत नाही." त्या थांबल्या. गळ्यातल्या ओळखपत्राला त्यांनी हात लावला. "पण मला जायचंय."

वेईने टेबलावरचं त्यांचं लाल पेन उचललं.

"शेवटचं वाक्य पत्रात नाही," तो म्हणाला, आणि पत्राच्या कोपऱ्यात त्याने बरोबरची एक मोठी खूण केली.