पंचशीलाचे फुगे

दमा हा तसा सोपा आजार आहे. फक्त तो माझ्या ताब्यात द्यावा लागतो! असं मी त्या उन्हाळ्यात ऑफिसात, दमा कुणाला ते न सांगता, छाती फुगवून सांगत होतो.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या कचेरीत माझी बदली झाली, म्हणून मी बायकोला, पंचशीलाला, उमरीहून आणलं. पावसानं दगा दिलेला. रस्त्यावर माणसांपेक्षा धूळ जास्त! तिचा दमा उसळला. खिडक्या लावून, शाल पांघरून ती आठ दिवस घरातच.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. शिवाय रोज दोन फुगे फुगवायचे, सावकाश."

दोनच? मी पंचवीस आणले! चौथ्या फुग्याला तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायला लागली. उपचार अर्धवट सोडू नये म्हणून उरलेले मीच फुगवले आणि दारावर टांगले!

सकाळी कचेरीतला गुंडप्पा दारावरून गेला. फुगे, बंद खिडक्या, अर्धवट उघड्या दारातून दिसणारी शाल पांघरलेली बाई! दुपारपर्यंत मी सोडून अख्ख्या कचेरीत बातमी: सोनकांबळेंच्या घरी पाळणा हलला!

संध्याकाळी सातजण दारात.

"लई छुपे निघालात की, सोनकांबळे!" गुंडप्पानं माझ्या हातात झबलं कोंबलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर कुणीतरी त्यात पेढा घातला!

तेवढ्यात शेजारच्या साखराबाई भरलेली घागर घेऊन आत शिरल्या. टँकर यायचा तीन दिवसांनी. ही घागर त्यांच्या वाटणीची.

"बाळंतिणीला न्हायला पाणी लागतंय. बाळ कुठाय, माय?"

पंचशीला उठून उभी राहिली. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती.

"बाळ न्हाई, मावशी," ती म्हणाली. "मला दमा हाय. फुगे त्याच्यासाठी."

गुंडप्पा खाली बघत चपला शोधायला लागला. झबलं परत मागायची हिंमत त्याला झाली नाही, परत द्यायची मला.

साखराबाईंनी घागर तशीच ठेवली. "न्हायला तुला बी लागतंयच की," एवढंच बोलून गेल्या.

उमरी सोडल्यापासून पंचशीला पहिल्यांदाच डोक्यावरून न्हाली. ओले केस सोडून भिंतीकडे तोंड करून बसली. खांदे हलत होते.

"दम लागला का?" मी विचारलं.

"न्हाई हो. हा दम न्हाई."

मला कळलं. पण काय करावं ते सुचेना. म्हणून गाढवासारखा तिची पाठ चोळत बसलो. वरून खाली, डॉक्टरांनी दम्यासाठी चोळून दाखवली होती, अगदी तश्शी!